उभं राहण्याची तयारी

प्रस्तावना

या पुस्तकात ज्या यंत्राची ओळख करून दिली आहे, ते यंत्र शहागडात नाही. ते पाहायचं तर मोठ्या शहरांतल्या मोजक्या पुनर्वसन केंद्रांची वाट धरावी लागते. तरीही ही प्रस्तावना शहागडात बसून आणि इथलीच माणसं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. कमरेखालची हालचाल गेलेल्या माणसाला अंगावर चढवायच्या यांत्रिक सांगाड्याच्या, म्हणजे एक्सोस्केलेटनच्या आधारानं उभं करणं आणि चालवणं, हे काम शहरातल्या केंद्रात होतं. पण त्या माणसाचं शरीर यंत्रात उभं राहण्याजोगं उरलं आहे की नाही, हे बहुतेक वेळा त्याआधीच ठरून गेलेलं असतं. ते ठरतं त्याच्या गावात, त्याच्या घरात, त्याच्या बाजेवर. पुस्तक यंत्राबद्दल आहे. प्रस्तावनेत मला सांगायचं आहे ते यंत्रापर्यंत पोचण्याबद्दल.

शहागड हे अंबड तालुक्यातलं गोदावरीकाठचं गाव. पूल ओलांडला की बीड जिल्हा आणि गेवराई तालुका लागतो. सोलापूर–धुळे महामार्ग इथूनच जातो. इथं मणक्याला मार कसा बसतो, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेळ्यांना पाला पाडायला लिंबावर चढलेला माणूस फांदीसकट खाली येतो. विहिरीच्या कामावर पाय घसरतो. उसानं भरलेली ट्रॉली बांधाच्या कडेला कलंडते. मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर अंधारात मोटारसायकल आदळते. बांधकामावरच्या परांचीची फळी निसटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालात जगभरात दरवर्षी अडीच ते पाच लाख माणसांच्या मज्जारज्जूला इजा होते, असा अंदाज दिला आहे. त्यातल्या बहुतेकांना ती अपघातानं किंवा पडल्यानं होते आणि तरुण पुरुषांचा त्यात मोठा वाटा असतो. म्हणजे ज्याच्या कमाईवर घर चालतं, तोच बाजेवर येतो. मग बायको, आई किंवा बहीण रोजंदारी सोडून त्याच्याजवळ बसते. एका माणसाचा मणका मोडतो तेव्हा घरातली दोन माणसं कामातून जातात.

इजा नेमकी कशाला झाली, हे घरच्यांना पहिल्या आठवड्यातच नीट कळायला हवं. कणा म्हणजे मणक्यांची रांग. त्या मणक्यांच्या पोकळीतून मेंदूकडून खाली उतरतो तो मज्जारज्जू. मणका हाड आहे, ते जुळतं. मज्जारज्जू चिरडला, तर मोठ्या माणसात तो पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. म्हणूनच घाटी रुग्णालयात किंवा दुसऱ्या एखाद्या दवाखान्यात ऑपरेशन होऊन प्लेटा-स्क्रू बसले, तरी पाय हलत नाहीत आणि घरच्यांना वाटतं की ऑपरेशन फसलं. त्या ऑपरेशनचं काम मोडलेला कणा स्थिर करण्याचं आणि रज्जूवरचा दाब काढण्याचं असतं. ते झालेलं असतं. पाय परत येणं हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर रज्जू किती शाबूत राहिला यावर अवलंबून असतं.

त्यासाठी डिस्चार्ज कार्डावरची दोन अक्षरी-आकडी नोंदी वाचायला शिकलं पाहिजे. पहिली नोंद पातळीची. मानेचे मणके ७, छातीमागचे १२, कमरेचे ५. उंचावरून पडणाऱ्यांत छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका फार वेळा मोडतो, कारण ताठ आणि लवचीक कण्याचा सांधा तिथं आहे. कार्डावर ‘टी-१२’ लिहिलं असेल तर हात आणि छाती पूर्ण ताकदीची असतात, कमरेखालचं गेलेलं असतं. दुसरी नोंद इजेच्या प्रतीची, ए पासून ई पर्यंत. ‘ए’ म्हणजे इजा पूर्ण, अगदी खालच्या मज्जातंतूंपर्यंत संवेदना नाही आणि हालचालही नाही. ‘बी’ म्हणजे थोडी संवेदना उरली आहे. ‘सी’ आणि ‘डी’ म्हणजे कमी-अधिक हालचालही उरली आहे. या एका अक्षरावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं आणि यंत्राकडून काय अपेक्षा ठेवायची, तेही याच अक्षरावरून ठरतं. तरी हे अक्षर घरच्यांपर्यंत क्वचितच पोचतं. डॉक्टरांना ते विचारून घ्या. विचारणं हा आपला हक्क आहे.

मज्जारज्जूची इजा झालेली माणसं जगतात, काम करतात, संसार करतात, हे आज आपण गृहीत धरतो. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी तसं नव्हतं. पाठीवरच्या जखमा आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांनी असे रुग्ण थोड्याच काळात दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथं डॉ. लुडविग गुटमन यांनी या रुग्णांसाठी वेगळा कक्ष सुरू केला. नाझी जर्मनीतून निसटून आलेल्या या डॉक्टरांनी यंत्र आणलं नाही आणि नवं औषधही शोधलं नाही. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, रुग्णाची कूस बदलायची, लघवीची व्यवस्था काटेकोर आणि स्वच्छ ठेवायची आणि माणसाला लवकरात लवकर कामाला व खेळाला लावायचं, एवढा नेम त्यांनी घालून दिला. माणसं जगू लागली. २९ जुलै १९४८ ला त्याच आवारात १६ जणांनी चाकाच्या खुर्चीवर बसून धनुर्विद्येची स्पर्धा केली आणि त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं.

आपल्याकडेही ही वाट अशा माणसांनीच घातली ज्यांच्या स्वतःच्या पायांतली ताकद गेली होती. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांना १९५४ मध्ये मोटार अपघातात मज्जारज्जूची इजा झाली. त्यांनी खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, परदेशात पुनर्वसनशास्त्र शिकून घेतलं आणि परत येऊन वेल्लोरमध्ये त्या विषयाचा विभाग उभा केला. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले, एक गोळी मणक्यात रुतली आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये मिळाली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय ऐन तारुण्यात गेले. १९८४ मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली आणि ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र लिहिलं. मज्जारज्जूच्या इजेबद्दल मराठीत काही वाचायचं असेल तर आधी ते वाचावं. मुंबईत डॉ. केतना मेहता यांनी पॅराग्लायडिंगमधल्या अपघातानंतर २००१ मध्ये नीना फाउंडेशन सुरू केलं. युद्धात जायबंदी झालेल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. ही नावं इथं देण्यामागे हेतू आहे. यातला कुणीही यंत्राची वाट पाहत बसला नाही. चालता येत नसतानाही आयुष्य पूर्ण असू शकतं, हे त्यांनी यंत्र येण्याच्या कितीतरी आधी सिद्ध केलं. पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण वाचताना हे ध्यानात असू द्यावं.

आता यंत्राकडे वळू. पायांत बाहेरून आधार घालून उभं राहणं जुनं आहे. लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर आणि कुबड्या घेऊन चालणारी माणसं आपण पाहिली आहेत. कॅलिपरमध्ये शरीराचा सगळा भार खांद्यांवर आणि हातांवर येतो, दम लागतो आणि काही महिन्यांत पुष्कळजण ते बाजूला ठेवतात. एक्सोस्केलेटनमध्ये कंबर आणि गुडघा यांच्याजवळ मोटारी असतात. पाय उचलण्याचं आणि पुढे टाकण्याचं काम त्या करतात. माणसानं तोल सांभाळायचा आणि पुढचं पाऊल केव्हा टाकायचं ते ठरवायचं.

अशा यंत्रांची साधारण दोन घराणी आहेत. एकात माणसाला पट्ट्यांनी वरून टांगून, त्याचं थोडं वजन उचलून धरून, सरकत्या पट्ट्यावर यंत्राकरवी पाय चालवले जातात. स्वित्झर्लंडच्या होकोमा कंपनीचं लोकोमॅट हे त्यातलं प्रसिद्ध यंत्र. दुसऱ्या घराण्यातलं यंत्र अंगावर चढवून माणूस जमिनीवर प्रत्यक्ष चालतो. इस्रायलचे अभियंता अमित गोफर यांना १९९७ मध्ये अपघातात मानेची इजा झाली. त्यांनी रीवॉक बनवलं, पण हातांतही पुरेशी ताकद नसल्यानं ते यंत्र त्यांना स्वतःला वापरता येत नव्हतं. इतरांसाठी मात्र त्यांनी ते घडवलं. जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ते घरी वापरायला मान्यता दिली. अशी मान्यता मिळालेलं ते पहिलं यंत्र. २०१६ मध्ये एक्सो आणि इंडेगो या यंत्रांनाही मान्यता मिळाली. जपानच्या योशियुकी सांकाई यांनी बनवलेलं हाल हे यंत्र त्वचेवर लावलेल्या पट्ट्यांतून स्नायूंकडे जाणारे क्षीण विद्युतसंकेत टिपतं आणि त्यानुसार पाय हलवतं. ज्याच्या स्नायूंत काही संकेत अजून पोचतात, त्याला ते उपयोगी. आपल्या देशातही काम सुरू झालं आहे. गटारात माणूस उतरवावा लागू नये म्हणून यंत्रमानव बनवणाऱ्या केरळच्या जेनरोबोटिक्सनं चालण्याच्या सरावासाठी जी-गेटर हे यंत्र तयार केलं आहे.

केंद्रात एका सत्रात काय काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी रक्तदाब मोजतात. महिनोन्महिने पडून राहिलेल्या माणसाला उभं केलं की रक्त पायांत उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून काही दिवस तिरक्या होणाऱ्या टेबलावर सवय करावी लागते. मग मांडीची आणि नडगीची लांबी मोजून यंत्राचे सांधे त्या मापाला आणतात. यंत्राचा गुडघा आणि माणसाचा गुडघा एका रेषेत आले पाहिजेत. बोटभर फरक राहिला तरी प्रत्येक पावलागणिक कातडी ओढली जाते, आणि त्या माणसाला ते कळत नाही, कारण तिथली संवेदना गेलेली असते. पट्टे बांधताना फिजिओथेरपिस्ट प्रत्येक पट्ट्याखाली बोट घालून पाहतो. पायमोज्याची सुरकुती सरळ करतो. खुर्चीच्या कडेला सरकवून, हातात कुबड्या किंवा पुढे वॉकर देऊन, तो मागे कमरेचा पट्टा धरून उभा राहतो. मोटारी सुरू होतात आणि माणूस उभा होतो. कित्येक महिन्यांनी समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. त्यानंतर अंग जरा पुढे आणि एका बाजूला झुकवायचं. ते झुकणं यंत्र ओळखतं आणि दुसऱ्या बाजूचा पाय पुढे पडतो. पुन्हा झुकायचं, पुन्हा पाऊल. घाई केली, अंग नीट झुकवलं नाही, तर यंत्र थांबतं. पहिल्या दिवशी बराचसा वेळ मापं घेण्यात आणि बांधण्यातच जातो. सत्र संपलं की यंत्र उतरवून पाय उघडे करतात आणि घोट्यापासून मांडीपर्यंत कातडी तपासतात. लाल डाग दिसला तर बोटानं दाबून पाहतात. तो लवकर मावळला नाही तर पुढच्या सत्राआधी पट्ट्याची जागा बदलतात. हा शेवटचा भाग पाहुण्यांना कंटाळवाणा वाटतो. खरं कौशल्य त्यात आहे.

या चालण्याचा वेग किती? अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१५ च्या एका लेखात तो सरासरी सेकंदाला ०.२६ मीटर आढळला. म्हणजे शंभर मीटरला सहा मिनिटांच्या वर. निरोगी माणूस तेवढं अंतर दीड मिनिटाच्या आत कापतो. २०१२ मध्ये इंग्लंडच्या क्लेअर लोमास यांनी रीवॉक घालून लंडनची मॅरेथॉन पूर्ण केली आणि त्याला दोन आठवड्यांहून जास्त दिवस लागले. तो जिद्दीचा विक्रम होता, शंका नाही. पण शहागडच्या बाजारात जाऊन यायला हे यंत्र आज चाकाच्या खुर्चीची जागा घेऊ शकत नाही. चिखल, चढ, खड्डे, उंबरठे यांत ते चालत नाही. सोबत मदतीला माणूस लागतो.

मग उपयोग काय? इथं दोन प्रकारच्या रुग्णांत फरक करायला हवा. ज्यांची इजा अपूर्ण आहे, म्हणजे ‘सी’ किंवा ‘डी’, त्यांच्यासाठी चालण्याचा पुनःपुन्हा सराव हा उपचारच आहे. मज्जारज्जूत खालच्या भागातही चालण्याची लय निर्माण करणारी मज्जातंतूंची जाळी असतात, हे आधी मांजरांवरच्या प्रयोगांतून कळलं. शेकडो पावलांचा सराव मिळाला की उरलेले धागे आणि ही जाळी यांचा मेळ बसायला मदत होते. थेरपिस्टनं हातांनी पाय उचलून एवढी पावलं टाकवून घेणं फार दमवणारं काम आहे. यंत्र ती पावलं न थकता देतं. तरी चांगल्या थेरपिस्टनं नेटानं करून घेतलेल्या सरावापेक्षा यंत्र निश्चितपणे सरस ठरतं, असं अजून सिद्ध झालेलं नाही. ज्यांची इजा पूर्ण आहे, त्यांचे स्वतःचे पाय या सरावानं चालू लागत नाहीत. यंत्र उतरवलं की चालणं थांबतं. पण उभं राहण्याचे फायदे त्यांनाही मिळतात. पायांतला ताठरपणा आणि झटके कमी झाल्याचं, शौचाची वेळ सुधारल्याचं पुष्कळजण सांगतात. हाडं मात्र यानं पुन्हा बळकट होतात, याचा भरवशाचा पुरावा नाही. अमेरिकेत दीडशेहून अधिक माजी सैनिकांपैकी काहींना घरी वापरायला यंत्र देऊन केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, यंत्र मिळालेल्यांच्या आणि फक्त चाकाची खुर्ची असलेल्यांच्या एकूण जीवनमानात ठळक फरक दिसला नाही. हे लपवून यंत्राचं कौतुक करणं म्हणजे आशेवर तग धरून असलेल्या घरांशी बेइमानी होईल. आणि उभं राहून आपल्या लेकराच्या डोळ्यांना डोळे भिडवणाऱ्या माणसाला जे मिळतं, ते मोजपट्टीत बसत नाही म्हणून नाकारणं, हाही तेवढाच अन्याय होईल.

पुढचं वाक्य घरच्यांसाठी आहे. यंत्र सगळ्यांना चालत नाही, आणि ज्यांना ते नाकारलं जातं त्यातल्या बऱ्याच जणांचं नाकारणं टाळता आलं असतं. रीवॉकची मूळ अट होती: उंची १६० ते १९० सेंटिमीटर आणि वजन शंभर किलोपर्यंत. आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे इथल्या बहुसंख्य बायका मापातच बाद होतात. हे आपल्या हातात नाही. ते आपल्या देशातल्या अभियंत्यांच्या हातात आहे आणि त्यांच्यापुढे हे गाऱ्हाणं मांडलं पाहिजे. पण बाकीच्या अटी पाहा. अंगावर उघडी जखम नको. कंबर, गुडघा आणि घोटा सरळ झाले पाहिजेत. हाडं उभ्या भाराला टिकली पाहिजेत. हात आणि खांदे मजबूत हवेत. लघवीचा संसर्ग नको. या सगळ्या गोष्टी घरी राखता येतात.

कातडीपासून सुरू करू. संवेदना नसलेल्या भागावर दाब राहिला की काही तासांत खालचं मांस मरू लागतं आणि वरून फक्त लाल डाग दिसतो. माकडहाड, बसण्याची हाडं, टाचा, मांडीच्या बाहेरच्या बाजूचं हाड, या जागा रोज दोनदा पाहायच्या, हातात आरसा देऊन त्यानं स्वतः पाहायला शिकायचं. पडलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. खुर्चीत बसलेल्यानं दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा पुढे वाकून ढुंगण उचलायचं. सुतळी विणलेल्या बाजेवर जाड फोमची गादी टाकली पाहिजे. पाठीला खोल जखम झाली तर ती भरायला कित्येक महिने जातात आणि यंत्राची रांग त्या महिन्यांत पुढे निघून जाते.

दुसरी गोष्ट सांध्यांची. पांघरुणाच्या वजनानं पावलं खाली लोंबतात आणि काही आठवड्यांत टाच वर ओढलेली तशीच राहते. मग ती यंत्राच्या बुटात बसत नाही. उशी टेकवून पाऊल काटकोनात ठेवावं, रोज घोटा, गुडघा आणि कंबर पूर्ण सरळ करून हलवावी, डॉक्टरांनी होकार दिल्यावर दिवसातून थोडा वेळ पालथं झोपवावं. यात पैसा लागत नाही. रोजचा अर्धा तास आणि शिकवणारा एक माणूस लागतो.

तिसरी गोष्ट लघवीची. कायमची नळी आणि पिशवी सोयीची वाटते, पण वर्षानुवर्षं ती राहिली की संसर्ग आणि खडे होतात, मूत्रपिंडं खराब होऊ शकतात. दर चार-सहा तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालून लघवी काढून घ्यायची आणि नळी बाहेर काढायची, ही पद्धत अमेरिकेच्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये रूढ केली. आज जगभर तीच शिकवतात. आपल्या खेड्यांत ती क्वचित शिकवली जाते. मूत्ररोगतज्ज्ञांकडून ती शिकून घ्यावी. छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर इजा असेल तर आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो आणि त्याचं कारण बहुधा तुंबलेलं मूत्राशय असतं. अशा वेळी त्याला ताबडतोब बसतं करावं, कपडे सैल करावेत, नळी मुडपली आहे का ते पाहावं आणि दवाखाना गाठावा.

चौथी गोष्ट हाडांची. भार न मिळाल्यानं पहिल्या दोन-तीन वर्षांत गुडघ्याजवळची हाडं झपाट्यानं पोकळ होतात. यंत्राच्या सरावात नडगी किंवा घोटा मोडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, म्हणून केंद्रात आधी हाडांची घनता तपासतात. लवकर उभं करणं, मग ते तिरक्या टेबलावर असो की कॅलिपरमध्ये, म्हणून महत्त्वाचं. मद्रास आयआयटीनं २०१९ मध्ये हातानं चालवून उभं राहता येईल अशी ‘अराइज’ ही खुर्ची आणली. रोबोटपेक्षा ती कितीतरी स्वस्त आहे आणि खेड्यातल्या घरात वापरता येते. यंत्राच्या झगमगाटात अशा साध्या साधनांकडे दुर्लक्ष होऊ नये.

या सगळ्याच्याही आधीची एक गोष्ट आहे, ती अपघाताच्या जागेची. झाडाखाली पडलेल्याला एकानं बगलेत आणि दुसऱ्यानं पायांत धरून उचललं, की मोडलेला मणका रज्जूवर कात्रीसारखा चालू शकतो आणि अपूर्ण इजा पूर्ण होऊ शकते. घाबरलेल्या माणसांचा हेतू मदतीचाच असतो. १०८ ला फोन करावा. तोवर डोकं आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवावी. हलवणं भागच असेल तर तिघा-चौघांनी मिळून डोकं, खांदे, कंबर आणि पाय एकाच वेळी, एका सरळीत वळवून अंगाखाली फळी किंवा दार सरकवावं. एकानं आकडे मोजायचे आणि बाकीच्यांनी त्याच आकड्यावर हलवायचं. हे कसब शहागडच्या प्रत्येक शाळेत, ऊसतोडीला निघणाऱ्या प्रत्येक टोळीत, महामार्गावरच्या प्रत्येक ढाब्यावर शिकवलं पाहिजे. ‘ए’ आणि ‘सी’ यांतलं अंतर कधी कधी त्या पाच मिनिटांत ठरतं.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विम्यानं २०२४ मध्ये घरी वापरायच्या एक्सोस्केलेटनसाठी जी रक्कम ठरवली, ती सुमारे ९१ हजार डॉलर होती, म्हणजे पाऊण कोट रुपयांच्या आसपास. आपल्या कुठल्याही कुटुंबानं जमीन विकून असं यंत्र घ्यावं, असं हे पुस्तक सांगत नाही. उलट, कुणी ‘महिनाभरात चालवून दाखवतो’ म्हणत गाठ घेतली, तर शेतीचा तुकडा विकण्याआधी त्याला इजेची प्रत काय, किती सत्रं, यंत्र उतरवल्यावर काय उरेल, हे तीन प्रश्न विचारावेत. यंत्र केंद्रात असावं आणि पाळीपाळीनं अनेकांनी वापरावं, हीच आपल्याला परवडणारी रीत.

ती केंद्रं मात्र आपल्या जवळ हवीत, आणि हे मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि त्यात पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर व स्थानिक संस्थांवर टाकली आहे. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग झाला, त्याची घोषणा ३ डिसेंबर २०२२ ला झाली. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्या पैशांतून गाद्या, नळ्या, उतार, रुंद दाराची न्हाणी होऊ शकते. मराठवाड्यातला जखमी माणूस शस्त्रक्रियेपर्यंत कसाबसा पोचतो. शस्त्रक्रियेनंतरचे सहा महिने त्याला कुणी विचारत नाही, आणि पुनर्वसन त्याच सहा महिन्यांत असतं. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मज्जारज्जू-पुनर्वसनाचा कक्ष आणि प्रत्येक तालुक्याला घरी जाऊन शिकवणारा फिजिओथेरपिस्ट ही पहिली मागणी. रोबोट ही त्यानंतरची. क्रम उलटला तर शहरात महागडी यंत्रं उभी राहतील आणि त्यात उभं राहण्याजोगं शरीर गावातून येणारच नाही.

संशोधन थांबलेलं नाही. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या उद्घाटनाला ब्राझीलमध्ये कमरेखालची हालचाल गेलेल्या एका तरुणानं एक्सोस्केलेटन घालून चेंडूला लाथ मारली. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या शास्त्रज्ञांनी मेंदूतले संकेत टिपून ते इजेच्या खालच्या मज्जारज्जूवर बसवलेल्या विद्युत उपकरणापर्यंत बिनतारी पोचवले आणि बारा वर्षांपूर्वी जखमी झालेला एक माणूस स्वतःच्या इच्छेनं पावलं टाकू लागला. आज पंचविशीत जखमी झालेला तरुण आणखी चाळीस-पन्नास वर्षं जगणार आहे. त्या काळात काय काय येईल ते कुणालाच सांगता येत नाही. आलेल्या प्रत्येक उपचाराची पहिली अट मात्र हीच राहील: धड कातडी, मोकळे सांधे, निरोगी मूत्रपिंडं, टिकलेली हाडं.

म्हणून हे पुस्तक दोन बाजूंनी वाचावं. विद्यार्थी, डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी यंत्राची रचना, रुग्णाची निवड आणि सत्रांची आखणी यांवरची प्रकरणं आधी वाचावीत. ज्यांच्या घरी असा माणूस आहे, त्यांनी काळजीवरचा भाग आधी वाचावा, तो घरात मोठ्यानं वाचावा आणि ज्याच्यासाठी वाचता आहात त्यालाही ऐकू द्यावा, कारण आपल्या शरीराचा कारभारी तोच आहे. वाचून झालं की पुस्तक उपकेंद्रातल्या नर्सताईंकडे आणि आशाताईंकडे द्यावं आणि ग्रामसभेत ५ टक्के निधीचा हिशेब विचारावा. आणि आज रात्रीपासून दर दोन तासांचा गजर लावून कूस बदलायला सुरुवात करावी. यंत्राच्या सरावाचा तोच पहिला धडा आहे.

शहागड, ता. अंबड, जि. जालना